सायलेन्सर बदलल्यावर गाडी फटफटते, ट्यूनिंग टिकत नाही: आधी काय तपासायचं आणि कार्ब्युरेटर कसा लावायचा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. कार्ब्युरेटरवाली बुलेट, क्लासिक किंवा पल्सर. पुण्यातल्या नाना पेठेतून किंवा ऑनलाइन मागवून बाहेरचा सायलेन्सर बसवला. आवाज भरदार आला, मालक खूश. मग लक्षात येतं की रेस सोडली की मागून फट्, फट्, फटाक. सिंहगडाच्या घाटातून खाली येताना तर कुणीतरी लवंगी माळ लावल्यासारखी गाडी वाजते. सकाळी चोक ओढल्याशिवाय उठत नाही, सिग्नलला स्लो, म्हणजे मूठ बंद असतानाचा इंजिनचा वेग, वर-खाली होतो, बायपासला लागलं की मध्येच दम तुटतो. गॅरेजवाला स्क्रू फिरवतो, गाडी लगेच सुधारते, आणि आठ-पंधरा दिवसांत पुन्हा तेच.

या ‘पुन्हा तेच’मध्ये निम्मं उत्तर आहे. मिक्स्चर स्क्रूखाली, म्हणजे स्लोचं हवा-पेट्रोलचं मिश्रण लावायच्या स्क्रूखाली, स्प्रिंग असते, ती त्याला जागेवर दाबून धरते. स्क्रू सहसा आपोआप फिरत नाही. तरीही ट्यूनिंग दर पंधरवड्याला उतरत असेल, तर बदलतंय ते दुसरंच काहीतरी, आणि बऱ्याचदा ते कार्ब्युरेटरच्या बाहेर असतं. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी हवेच्या गळतीच्या जागा तपासायच्या. त्या साफ निघाल्या तर मूठ किती पिळल्यावर त्रास होतो ते नक्की करायचं. त्यानंतरच पान्याला हात लावायचा.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नवे निकष लागू झाले आणि मोटारसायकली जवळपास सगळ्याच फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. त्यांचं दुखणं वेगळं, औषधही वेगळं. हे सगळं त्याआधीच्या चार स्ट्रोक गाड्यांबद्दल आहे. आरएक्स-१०० वाल्यांनी रागावू नये, पण टू स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा इंजिनचाच भाग असल्यासारखा काम करतो. तिथे पाइपचा आकार बदलला की पॉवर कुठल्या आरपीएमला येणार तेच बदलतं. तो विषय इथे कोंबण्यात अर्थ नाही.

पोलिसांची गोष्ट आत्ताच उरकून घेऊ. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० च्या उपकलम २ मध्ये आवाजाचे आणि धुराचे निकष मोडल्याबद्दल शिक्षा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र, अशी तरतूद आहे. पुण्यात वाहतूक पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावर रोलर फिरवलेला आहे. त्यामुळे आत काहीच नसलेली नुसती नळी लावून कुणी ‘ट्यूनिंग करून दे’ म्हणालं तर मी सरळ नाही म्हणतो. तिच्यावर ट्यूनिंग धड बसतही नाही. सायलेन्सरबरोबर आलेला बॅफल, म्हणजे आवाज दाबणारा आतला भाग, काढून माळ्यावर टाकला असेल तर तो आधी परत बसवा. तेवढ्यानेच निम्मी फटफट गेलेली मी पाहिली आहे.

गाडी लीन का होते

कंपनीचा सायलेन्सर धुराला थोडा अडवून धरतो. त्यामुळे जळलेला थोडा गॅस दर फेऱ्याला सिलिंडरमध्ये मागे राहतो. मोकळा सायलेन्सर लावला की हा गॅस जास्त सहज बाहेर पडतो आणि त्याच्या जागी जास्त ताजी हवा आत येते. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणाऱ्या जेटची भोकं मात्र तेवढीच. त्यातून प्रदूषणाचे निकष पाळण्यासाठी कंपनीने स्लोचं मिश्रण मुळातच काठावर ठेवलेलं असतं. म्हणजे लीनकडे, हवेच्या मानाने पेट्रोल कमी असण्याकडे, झुकलेली गाडी आणखी थोडी लीन होते.

त्यात आता पेट्रोलची भर पडली आहे. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांवर पोचलं. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येतं. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला साधारण साडेतेरा. इंजेक्शनची गाडी सेन्सर बघून पेट्रोल वाढवते. कार्ब्युरेटरला डोळे नाहीत, तो भोकाच्या मापाने देतो तेवढंच देतो. म्हणजे तुमच्या २०१४ च्या क्लासिकचं मिश्रण सायलेन्सर न बदलताही पूर्वीपेक्षा लीन झालेलं आहे. दहा वर्षांपूर्वी याच सायलेन्सरवर मित्राची गाडी गोड चालत होती आणि आज तुमची चालत नाही, यात काही गूढ नाही.

आणि एअर फिल्टर. बरेच जण सायलेन्सरबरोबरच कंपनीचा फिल्टरचा डबा काढून कोनासारखा फिल्टर लावतात, आणि मग दोष सगळा सायलेन्सरला देतात. क्लासिक, पल्सर यांच्या कार्ब्युरेटरमध्ये हवेची वाट उघडणारी स्लाइड वर उचलण्याचं काम रबरी डायफ्रामवरचा हवेच्या दाबातला फरक करतो. डबा काढला की हा दाबाचा हिशेबच विस्कटतो आणि मग कुठलाही जेट घाला, मधल्या रेसला गाडी अडखळते. रोज सिंहगड रोड ते हिंजवडी करणाऱ्या माणसाला त्या फिल्टरने काय मिळतं हे मला अजून समजलेलं नाही. डबा परत बसवा, मग पुढे बोलू.

पहिला संशय: बेंड पाइपचा जोड

रेस सोडल्यावर फटाका का वाजतो ते आधी. मूठ बंद असते, पण चाक इंजिनला फिरवत असतं. सिलिंडरमध्ये मिश्रण इतकं कमी आणि पातळ येतं की ठिणगी पडूनही कधी कधी ते पेटत नाही. न पेटलेलं पेट्रोल तसंच सायलेन्सरमध्ये जातं. तिथे त्याला ताजी हवा मिळाली की पुढच्या गरम झोताबरोबर ते बाहेरच पेटतं. आवाज तो.

ही ताजी हवा येते कुठून? बहुतेक वेळा इंजिनच्या हेडला जिथे बेंड पाइप, म्हणजे धूर सायलेन्सरकडे नेणारा वाकडा पाइप, बसतो तिथून. लोकांना वाटतं जोडातून धूर फक्त बाहेर येईल. पण धुराच्या प्रत्येक झोतामागे पाइपमध्ये क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि फटीतून हवा आत ओढली जाते. केसाएवढी फटही पुरते.

सायलेन्सर बदलताना नेमका हाच जोड उघडला जातो. तिथलं गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी कडी, एकदा दाबलं गेलं की त्याने आकार घेतलेला असतो. तेच परत बसवलं की थंड असताना धरतं, पाइप तापून प्रसरला की सोडतं. दहा-पंधरा दिवसांत फट वाढते. ट्यूनिंग टिकत नाही ती अशी.

कोथरूडमध्ये आमच्या सोसायटीतल्या एकाची क्लासिक याच फेऱ्यात अडकली होती. दर वेळी गॅरेजमध्ये स्क्रू थोडा बाहेर, गाडी रिच (म्हणजे पेट्रोल जास्त), फटाके बंद, मग पुन्हा सुरू. शेवटी गाडी इतकी रिच झाली की प्लग काळाकुट्ट, ॲव्हरेज पडलेलं आणि फटाके होतेच. पार्किंगमध्ये थंड गाडी सुरू करून जोडाजवळ हाताचा पंजा धरला तर बोटांना बारीक फुंकर लागत होती. बेंड पाइप काढला तर गॅस्केटच्या एका बाजूला काजळीची काळी रेघ. नवं गॅस्केट घातलं, स्क्रू पुन्हा मूळ जागी आणला आणि विषय संपला. गॅस्केटची किंमत एका ट्यूनिंगच्या मजुरीपेक्षा कमी होती, यावर त्याने बरीच आदळआपट केली, ती वेगळी.

तुम्हीही तसंच करा. गाडी पूर्ण थंड असताना सुरू करा आणि लगेच, पाइप तापायच्या आत, जोडाभोवती हात फिरवा. पाइपला हात लावायचा नाही, जवळ धरायचा. नाहीतर साबणाचं पाणी ब्रशने लावा, बुडबुडे येतील. आणखी खात्री हवी असेल तर दुसऱ्या कुणाला तरी जाड ओल्या फडक्याने सायलेन्सरचं तोंड क्षणभर दाबायला सांगा. जोड घट्ट असेल तर इंजिन गुदमरून बंद पडायला येतं. ते आरामात चालत राहिलं आणि पुढून फुस् ऐकू आलं तर चोर सापडला. हाच प्रयोग बेंड पाइप आणि सायलेन्सर जिथे क्लॅम्पने जोडले आहेत तिथेही करा. बाहेरच्या सायलेन्सरचा व्यास कधी कधी मिलिमीटरभर मोठा असतो आणि क्लॅम्प कितीही आवळला तरी भागत नाही. तिथे मधलं बुश किंवा उष्णता सोसणारी सायलेन्सर पेस्ट लागते.

नवं गॅस्केट घालताना जुन्याचा तुकडा आत चिकटून राहिलेला नाही ना ते बघा. हेडचे दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एक पूर्ण आणि मग दुसरा, असं केलं की पाइप तिरका बसतो. गाडी तापवून थंड झाल्यावर पुन्हा एकदा पान्याने बघा, पण जोर लावू नका. ॲल्युमिनियमच्या हेडमधला स्टड फिरला तर नसता खर्च.

दुसरा संशय: सेकंडरी एअर आणि त्याची बारीक नळी

बीएस-३, बीएस-४ च्या अनेक गाड्यांत हेडवरून एक रबरी नळी निघून प्लॅस्टिकच्या छोट्या व्हॉल्व्हला जाते. ती मुद्दाम एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडते, म्हणजे उरलेलं पेट्रोल तिथे जळावं आणि धूर स्वच्छ व्हावा. वर सांगितलेलं फटाक्याचं गणित आठवा. रेस सोडल्यावर ही हवा फटाकेच वाजवणार. म्हणून बऱ्याच गाड्यांत व्हॉल्व्हला इनटेककडून, म्हणजे मिश्रण इंजिनात जाण्याच्या वाटेकडून, एक बारीक व्हॅक्युम नळी असते. रेस सोडली की इनटेकमधला व्हॅक्युम वाढतो आणि व्हॉल्व्ह बंद होतो.

ही बारीक नळी वयाने कडक होते, टोकाला चिरते, किंवा टाकी काढताना निसटते. मग दोन घोटाळे एकदम होतात. व्हॉल्व्ह बंद होत नाही म्हणून फटाके, आणि तुटक्या नळीतून इनटेकमध्ये जास्तीची हवा जाते म्हणून स्लो वर-खाली. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं कार्ब्युरेटर गेला.

तपासायला जाड नळी चिमट्याने तात्पुरती दाबा आणि थोडं उतारावर जाऊन या. फटाके पूर्ण बंद झाले तर व्हॉल्व्ह आणि बारीक नळी बघा. चिरलेलं टोक कापून नळी पुढे सरकवली तरी चालतं, नवी घेतली तर उत्तम. जाड नळीत कायमची गोळी ठोकून देण्याचा सल्ला बरेच जण देतात. मी देत नाही. ती यंत्रणा धुरासाठी आहे आणि ती नीट असेल तर फारसा त्रासही देत नाही.

इनटेकचं रबर आणि बाकीचं

कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधलं रबर वाकवून बघा, भेगा आतल्या बाजूला असतात. गाडी स्लोवर चालू ठेवून तिथे पाण्याचा बारीक फवारा मारा. आरपीएम क्षणभर बदललं तर तिथून हवा जाते आहे. काही जण यासाठी कार्ब क्लीनर मारतात, पण खाली तापलेला बेंड पाइप असतो. पाणीच बरं.

एअर फिल्टर, प्लगचं अंतर, व्हॉल्व्ह क्लिअरन्स ही सर्व्हिसची नेहमीची कामं आहेत, ती झालेली असावीत एवढंच. इंजिनचे व्हॉल्व्ह फार आवळलेले असतील तर स्लो कधीच स्थिर राहणार नाही, मग स्क्रूशी कितीही खेळा.

मूठ किती पिळल्यावर त्रास होतो?

इथपर्यंत सगळं घट्ट निघालं आणि त्रास आहेच, तर आता कार्ब्युरेटर. मुठीच्या कडेवर आणि शेजारच्या स्विचच्या डबीवर पांढरी चिकटपट्टी लावा. मूठ बंद, पाव, अर्धी, पाऊण आणि पूर्ण, अशा पेनने खुणा करा. हे पोरकट वाटतं, पण खुणा नसल्या की प्रत्येक जण पाव मुठीला अर्धी म्हणतो.

कार्ब्युरेटरमध्ये प्रत्येक टप्प्याचा मालक वेगळा असतो. बंद ते पाव मुठीपर्यंत पायलट जेट आणि मिक्स्चर स्क्रू. पाव ते पाऊण नीडल, म्हणजे स्लाइडला लटकलेली सुई. पाऊणच्या पुढे मेन जेट. सीमारेषा धूसर असतात, एकाची हद्द दुसऱ्यात थोडी शिरते. डायफ्रामवाल्या कार्ब्युरेटरमध्ये स्लाइड मुठीने नाही, व्हॅक्युमने उठते, त्यामुळे कमी आरपीएमला मूठ पूर्ण पिळली तरी स्लाइड खालीच असते. म्हणून ही तपासणी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, इंजिन मोकळं फिरत असताना करायची. बायपासवर सकाळी सहाच्या आत जा. कर्वे रोडवर हे जमणार नाही.

लीन आहे की रिच, हे ओळखायला चोक हे फुकटचं यंत्र आहे. गाडी गरम असताना, ज्या मुठीला त्रास होतो त्या मुठीवर धरून चोक अगदी थोडा ओढा. सुधारली तर तिथे पेट्रोल कमी पडतंय. आणखी बिघडली तर पेट्रोल आधीच जास्त आहे. रेस पटकन दिली की कार्ब्युरेटरमधून उलटी शिंक येणं, रेस सोडल्यावर आरपीएम वरच रेंगाळून मग खाली येणं, ही लीनची खूण. आरपीएम स्लोच्या खाली बुडून परत वर येणं, काळा धूर, पेट्रोलचा वास, ही रिचची. प्लगचा रंगही बघतात. पांढरट म्हणजे लीन, काजळी म्हणजे रिच, फिकट तपकिरी बरा. पण शहरातल्या सिग्नल-सिग्नल चालवण्यानंतर प्लग बहुतेक स्लोचीच कहाणी सांगतो. त्यावरून मेन जेट ठरवू नका. बेंड पाइप निळसर झाला म्हणून घाबरणारेही खूप. बाहेरच्या पाइपचा पत्रा एकेरी असतो, तो नीट ट्यून केलेल्या गाडीतही निळा पडतो.

मिक्स्चर स्क्रू

आधी स्क्रू कुठल्या बाजूला आहे ते बघा, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर तो मिश्रण सोडतो. बाहेर काढला की रिच. क्लासिक, पल्सर यांसारख्या डायफ्रामवाल्या कार्ब्युरेटरमध्ये सहसा असाच असतो. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो आणि बाहेर काढला की लीन. जुन्या कास्ट आयर्न बुलेटच्या मिककार्ब कार्ब्युरेटरवर हवेचा स्क्रू भेटतो. एकाचं ज्ञान दुसऱ्यावर लावलं की गाडी बिघडली म्हणून समजा. काही कार्ब्युरेटरमध्ये या स्क्रूवर पितळी टोपण ठोकलेलं असतं. ते ड्रिलने काढतात, पण बिट आत घसरलं तर स्क्रूचं डोकं जातं. हात स्थिर नसेल तर हे काम अनुभवी माणसाकडे द्या. कार्ब्युरेटरच्या बाजूला वायर जाणारा थ्रॉटल पोझिशन सेन्सर असेल तर त्याचे स्क्रू अजिबात ढिले करायचे नाहीत. तो इग्निशनचं टायमिंग ठरवायला मदत करतो.

गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा. उभ्या उभ्या तापवलेली चालत नाही. मग स्क्रू हलक्या हाताने आत घेत मोजा, किती फेऱ्यांत टेकतो, आणि तो आकडा लिहून ठेवा. टेकला की थांबा. पुढे आवळला तर सुईसारखं टोक आत रुतून भोक कायमचं बिघडतं. आता दोन फेरे बाहेर काढून सुरुवात करा. स्लो थोडा जास्त ठेवा. स्क्रू पाव पाव फेरा बाहेर घेत जा आणि प्रत्येक वेळी इंजिनला दोन-चार श्वास घेऊ द्या. आरपीएम वाढत जाईल, एका जागी सगळ्यात उंच आणि गोल वाटेल, मग पडायला लागेल. त्या उंच जागी परत या, स्लोचा स्क्रू फिरवून आरपीएम खाली आणा आणि हेच पुन्हा करा. शेवटी उंच जागेपासून पाव फेरा रिचच्या बाजूला. मोकळ्या सायलेन्सरसाठी आणि ई-२० साठी हा पाव फेरा महत्त्वाचा आहे.

आता सगळ्यात उपयोगी आकडा. मिश्रणाच्या स्क्रूची उंच जागा तीन फेऱ्यांच्या पुढे सापडली तर पायलट जेट लहान पडतोय. एक मोठं माप घ्या, मिकुनी कंपनीच्या जेटमध्ये ही मापं साधारण अडीच-अडीचने वाढतात, आणि पुन्हा दोन फेऱ्यांपासून सुरू करा. उंच जागा एका फेऱ्याच्या आत सापडली तर जेट मोठा आहे किंवा फ्लोट चेंबरमधली, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळातल्या वाटीतली, पेट्रोलची पातळी वर चढली आहे. तीन फेऱ्यांच्या पुढे स्क्रू काढून ‘जमलं’ म्हणणाऱ्या गॅरेजमधून गाडी बाहेर पडते ती परत येण्यासाठीच.

नीडल आणि मेन जेट

स्लो छान, फटाके बंद, पण पन्नास-साठच्या वेगात मूठ अर्धी असताना गाडी ओढत नाही, हलके झटके देते. तर नीडल. जुन्या कार्ब्युरेटरच्या नीडलवर खाचा असतात. क्लिप एक खाच खाली सरकवली की नीडल वर उचलली जाते आणि मिश्रण रिच होतं. डायफ्रामवाल्यांत बऱ्याचदा एकच जागा असते. तिथे नीडलच्या डोक्याखाली अर्धा मिलिमीटर जाडीचं बारीक वॉशर घालतात. तीन मिलिमीटर स्क्रूचे साधे वॉशर बहुतेक त्याच जाडीचे असतात, बोहरी आळीत मूठभर मिळतील. एक घाला, चालवून बघा. दोन एकदम घालू नका.

स्लाइड बाहेर आली आहेच तर डायफ्राम उजेडासमोर धरा. टाचणीएवढं छिद्र असलं तरी स्लाइड पूर्ण उठत नाही आणि गाडी वरच्या वेगाला बसते. लोक मग मेन जेट वाढवत राहतात. परत बसवताना डायफ्रामची कड खाचेत नीट बसली पाहिजे. झाकण आवळताना ती चिमटली तर नवा त्रास हातानेच आणलात.

मेन जेटला मी शेवटी आणि नाइलाजानेच हात लावतो. बॅफल असलेल्या सायलेन्सरसाठी आणि कंपनीच्या फिल्टरसाठी तो बदलावा लागतोच असं नाही. पूर्ण मूठ पिळून चालताना मूठ किंचित मागे घेतल्यावर गाडीने उलट जोर घेतला तर मेन जेट लहान आहे. एक माप वाढवा. जेटवर कोरलेला आकडा वाचून त्याच कंपनीचा घ्या. मिकुनी आणि केहिन यांच्या आकड्यांची मोजपट्टी वेगळी आहे, एकाचा शंभर म्हणजे दुसऱ्याचा शंभर नव्हे. आणि जेट ड्रिल मारून मोठा करून देणाऱ्या उस्तादापासून लांब राहा. पितळ मऊ असतं, भोक कधीच गोल राहत नाही. साफ करायलाही स्टीलची तार घालू नका, नायलॉनचा धागा आणि हवेचा झोत पुरतो.

ऋतू, घाट आणि पेट्रोल

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. इथे अगदी काठावर लीन लावलेली गाडी ताम्हिणी उतरून कोकणात नेली की तिथल्या दाट हवेत आणखी थोडी लीन होते. दिवेआगरला फटाके, पुण्यात नाहीत, याचं कारण तेच. महाबळेश्वरला उलट, तिथे ती किंचित रिच होते. डिसेंबरच्या पहाटे थंड हवा दाट असते म्हणून चोक जास्त वेळ लागतो. मे महिन्याच्या दुपारी लावलेल्या ट्यूनिंगवर थंडीत नाराज होऊ नका. अशा फरकासाठी पाव फेऱ्यापेक्षा जास्त काही लागत नाही. जास्त लागत असेल तर वरच्या गळत्यांकडे परत जा.

पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली तर इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते फ्लोट चेंबरच्या तळाशी बसतं. चेंबरखालचा स्क्रू सोडून तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा. पाण्याचा थर किंवा गढूळपणा दिसला तर आधी टाकी आणि चेंबर रिकामं करा. जुन्या गाड्यांचे ओ-रिंग आणि फ्लोट व्हॉल्व्हचं रबरी टोक ई-२० ने फुगतं किंवा कडक होतं. पेट्रोल ओव्हरफ्लो होऊन एकाएकी गाडी रिच झाली तर स्क्रू आत घेऊ नका, फ्लोट व्हॉल्व्ह बदला.

सगळं झाल्यावर पीयूसी केंद्रावर एक चक्कर मारा, मुदत संपलेली नसली तरी. तिथलं यंत्र स्लोवरचा कार्बन मोनॉक्साइड मोजतं, आणि कानाने लावलेलं मिश्रण पडताळायला शहरात यापेक्षा स्वस्त साधन नाही. १ एप्रिल २००० नंतरच्या आणि बीएस-४ च्या आधीच्या चार स्ट्रोक दुचाकीला मर्यादा ३.५ टक्के आहे. गाडी गरम करूनच न्या आणि नळी सायलेन्सरमध्ये खोलवर घालायला सांगा. मोकळ्या सायलेन्सरच्या तोंडाशी बाहेरची हवा मिसळते आणि आकडा खोटा कमी दिसतो. आकडा साडेतीनच्या अगदी जवळ आला तर मिश्रणाचा स्क्रू पाव फेरा आत घ्या आणि तिथेच पुन्हा मोजायला सांगा. मागे रांग नसेल तर केंद्रवाला सहसा नाही म्हणत नाही.